अ‍ॅपमध्ये दीड मीटर, बंदराच्या तोंडाशी अडीच: समुद्राचा अंदाज वाचायचा कसा?

दिवाळे कोळीवाड्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: सात मीटरची फायबरची होडी आहे. बेलापूरहून निघून घारापुरी, मोरा मागे टाकत खांदेरीच्या आसपास जाणं होतं. मोबाइलवर सगळं हिरवं असतं, वारा १२ नॉट (ताशी सागरी मैल), लाट दीड मीटर. तरी दुपारी परतताना बंदराच्या तोंडाशी होडी आपटून निघते. कधी याच्या उलट, हवामान खातं ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ म्हणतं आणि समोर दर्या सपाट. मग खरं कुणाचं मानायचं?

दोघांचंही, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात. अ‍ॅपमधला आकडा म्हणजे एका मोठ्या चौकटीची काही तासांची सरासरी. खात्याचा इशारा म्हणजे त्या काळात त्या पट्ट्यात कुठेही काय घडू शकतं याची सूचना. होडीला मात्र सरासरी भेटत नाही, एका ठिकाणी एक लाट आणि वाऱ्याचा एक झोत भेटतो. सरासरीपासून त्या लाटेपर्यंतचं गणित आपल्यालाच करावं लागतं.

सुरुवात पिनपासून करा, म्हणजे नकाशावर ज्या जागेचा अंदाज बघता त्या खुणेपासून. अमेरिकेचं जीएफएस हे हवामानाचं संगणकी मॉडेल पाव अंशाच्या जाळीवर मिळतं, म्हणजे चौकटीची एक बाजू जवळपास २८ किलोमीटर. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ साधारण ९ किलोमीटरचं. ठाण्याची खाडी वाशी पुलाशी दोन किलोमीटरसुद्धा रुंद नाही. त्यामुळे बेलापूरवर बोट ठेवून वारा पाहिलात तर मॉडेल तुम्हाला जमिनीवरचा वारा देतं, आणि झाडं, इमारती, डोंगर यांच्या घर्षणामुळे तो समुद्रावरच्या वाऱ्यापेक्षा बहुतेक वेळा कमी असतो. पिन खांदेरीच्या पश्चिमेला, उघड्या पाण्यात ठेवा. उत्तनच्या मंडळींनीही भाईंदरवर नव्हे, किनाऱ्यापासून १५-२० किलोमीटर बाहेर ठेवावी. एवढ्याने निम्मा घोळ मिटतो.

अंदाज कधीचा आहे तेही पाहा. मॉडेलच्या मुख्य फेऱ्या ०० आणि १२ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या), म्हणजे आपल्या पहाटे ५:३० आणि संध्याकाळी ५:३० च्या निरीक्षणांवर चालतात, आणि निकाल हाती यायला चार-सहा तास लागतात. पहाटे तीनला निघताना जे दिसतं ते बहुधा आदल्या संध्याकाळचं असतं. मेच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये हा फरक महागात पडतो.

आता लाटेचा आकडा. अंदाजात जी उंची देतात ती सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. तीन-चार तासांत भेटणारी सर्वांत मोठी लाट तिच्या १.८ ते २ पट असू शकते. म्हणजे अ‍ॅपमधल्या १.५ मीटरमध्ये २.७ ते ३ मीटरची एखादी लाट धरलेलीच आहे. होडीच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के उंचीची फुटती लाट कुशीवर बसली तर होडी उलटू शकते. सात मीटरच्या होडीला ही मर्यादा २.१ मीटर. मागे मोजत गेलात तर उघड्या समुद्रात तुमची मर्यादा अंदाजातल्या १.१-१.२ मीटरवर येते. दीड मीटरचा दिवस तुमच्यासाठी हिरवा नाही, अ‍ॅपचा रंग काहीही असो. ते रंग तुमच्या होडीची लांबी विचारून लावलेले नसतात.

उंचीइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे लाटेचा कालावधी, दोन शिखरांमधले सेकंद. बहुतेक जण तो बघतच नाहीत. खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे कालावधीचा वर्ग गुणिले १.५६ मीटर. दीड मीटरची लाट पाच सेकंदांची असेल तर लांबी ३९ मीटर, म्हणजे उभा चढ आणि लगेच उतार. तीच उंची १२ सेकंदांची असेल तर लांबी २२५ मीटर. होडी हळूच वर जाते, हळूच खाली येते. सहा सेकंदांच्या आतली एक मीटरची लाट छोट्या होडीला १२ सेकंदांच्या दीड मीटरपेक्षा जास्त त्रास देते. अ‍ॅपमध्ये वाऱ्याची लाट आणि स्वेल, म्हणजे दूरच्या वाऱ्याने उठून आलेली लांब लाट, वेगवेगळी दाखवायची सोय असते. ती चालू करा. एकत्र आकडा साध्या बेरजेने येत नाही, वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने येतो: १.२ मीटरची वाऱ्याची लाट आणि ०.९ मीटरचं स्वेल मिळून १.५ मीटर. दोन्ही वेगळ्या दिशांनी येत असतील तर पाणी गोंधळलेलं असतं आणि होडीचं तोंड कुठे ठेवायचं हेच ठरत नाही.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येतो, दुपारी परततानाचं बंदराचं तोंड. जागतिक लाटांच्या मॉडेलमध्ये आपल्या खाडीतला भरती-ओहोटीचा प्रवाह नसतोच, आणि इथे सगळा खेळ त्याचाच आहे. मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला, पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. ठाणे आणि पनवेल खाडीतलं ते सगळं पाणी सहा तासांत बाहेर पडायचं, म्हणून उधाणाच्या ओहोटीला वाहिनीत प्रवाह दोन नॉटांच्या पुढे जातो, अरुंद जागी आणखी. समोरून लाट आली की प्रवाह तिला आखडतो, लांबी घटते, उंची वाढते. चार सेकंदांच्या लाटेला तीन नॉटांचा समोरचा प्रवाह जवळपास पूर्ण अडवतो; ती पुढे सरकत नाही, जागीच उभी राहून फुटते. बाहेर एक मीटर असलेली लाट तोंडाशी दोन मीटरची उभी भिंत होते ती यामुळे, वारा वाढल्यामुळे नव्हे.

हे कोणत्या दिवशी होणार ते पंचांगावरून कळतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते, हा कोकणातला जुना हिशेब इथे चांगला लागू पडतो: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. अचूक वेळ तक्त्यातूनच घ्या, आणि खाडीत जसजसं आत याल तसतशी भरती थोडी उशिरा धरा. पण यातून निघणारी गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे उधाणाची भरती नेहमी भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. म्हणजे ओहोटीचा सर्वांत जोराचा प्रवाह तीन-साडेतीनला. फेब्रुवारी ते मे या काळात समुद्रावरून येणारा वायव्येचा-पश्चिमेचा खारा वाराही नेमका दोन ते पाचमध्येच भरात असतो. दर अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे दोन-तीन दिवस ही दोन घड्याळं जुळतात. वसईच्या खाडीच्या तोंडाशी हे आणखी वाईट, कारण तिथे वाळूच्या पट्ट्या आहेत आणि ओहोटी जवळजवळ सरळ पश्चिमेला, लाटेच्या तोंडावर, धावते.

म्हणून उधाणाच्या दिवसांत मध्यरात्रीच्या भरतीनंतर, उतरत्या पाण्यावर आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडावं, आणि दुपारी बारा-एकच्या आत भरतीच्या पाण्याबरोबर आत यावं. उशीर झाला तर तोंडाशी झुंज तर आहेच, धक्क्यापाशी पाणी उतरून चिखलही लागतो. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, उलटं: सकाळी सहाच्या भरतीवर निघा, दुपारनंतर चढत्या पाण्याबरोबर आणि पाठीवरच्या वाऱ्याने परत या. तेव्हा तोच १५ नॉटांचा वारा त्रास देत नाही.

स्वेलबद्दल दोन गोष्टी. नोव्हेंबर ते मार्च अरबी द्वीपकल्पावरून सुटणाऱ्या शमाल वाऱ्यांचं स्वेल वायव्येकडून आपल्या किनाऱ्यावर येतं. इथे वारा नसतानाही पहाटे समुद्र हलत असेल तर बहुधा तेच. मार्च ते मे या काळात मात्र दक्षिण महासागरातल्या वादळांचं, १६-१८ सेकंदांचं स्वेल हजारो किलोमीटर कापून येतं. १६ सेकंदांच्या स्वेलची ऊर्जा २४ नॉटांनी सरकते, म्हणजे प्रवास साधारण आठवड्याचा. खोल पाण्यात ते अर्धा-पाऊण मीटरच असतं, अ‍ॅपमध्ये कुणाच्या नजरेत भरत नाही. उथळ पाण्यात ते उंचावतं आणि किनाऱ्यावर फुटतं: उत्तनला, अलिबागला पुळणीवर होडी लावताना पाठीवरून पाणी येतं, नांगरलेल्या होड्या एकमेकींवर आदळतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था यासाठी उंच लाटांचे आणि स्वेलचे वेगळे इशारे देते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असतानाचा ‘जाऊ नका’ हा इशारा अनेकदा याच जातीचा असतो. तो खोटा समजून निघणाऱ्याला निघताना काही होत नाही, परत लागताना होतं.

उष्ण कटिबंधात अंदाज चुकतो तो मुख्यतः चढाईच्या वाऱ्यात, ज्याला खातं स्क्वॉल म्हणतं. युरोपच्या समुद्रात हवामान मोठ्या दाबरेषांबरोबर चालतं, ते दोन-तीन दिवस आधी नकाशावर दिसतं. इथे दाबातले फरक किरकोळ, आणि विषुववृत्ताकडे जावं तसा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणामही कमी होतो. हवामान घडवतात ते ५ ते २० किलोमीटर रुंदीचे, तासा-दोन तासांत संपणारे गडगडाटी ढग. मॉडेलच्या चौकटीपेक्षा ढगच लहान, तर तो कुठे आणि किती वाजता कोसळेल हे मॉडेल काय सांगणार? ते फार तर ‘आज वातावरण गडगडाटी ढगांना अनुकूल आहे’ एवढं सांगतं. त्यातला झोत १२ नॉटांवरून मिनिटभरात ३० नॉटांवर जातो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे होडीवरचा जोर सहापटीहून अधिक.

मे महिन्यात आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरमध्ये, हे ढग दुपारनंतर सह्याद्रीकडे उभे राहतात आणि संध्याकाळी पश्चिमेला सरकतात. मुंबईच्या डॉप्लर रडारचं चित्र हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मिळतं. कर्जतवर लाल ठिपका दिसला आणि तो पश्चिमेला सरकतोय, तर बेलापूर तिथून सरळ रेषेत ३० किलोमीटरच्या आसपास आहे. ढगापुढे धावणारा वारा ताशी ४० किलोमीटरने आला तर हाताशी पाऊण तास आहे. लागोपाठची तीन-चार चित्रं बघा, एकाच चित्रावरून दिशा कळत नाही. रडार नसेल तर खूण अशी: चालू असलेला खारा वारा अचानक पडतो, पूर्वेला ढगाचा काळा, गुंडाळलेला कडा दिसतो, मग गार झुळूक. त्या झुळकीनंतर पाच-दहा मिनिटंच असतात.

हा वारा जमिनीवरून येत असल्याने किनाऱ्यालगत लाट उठत नाही आणि फसगत होते. पाच किलोमीटर बाहेर मात्र पाणी खवळलेलं असतं आणि इंजिन बंद पडलं तर वारा होडीला उघड्या समुद्राकडेच लोटतो. म्हणून काळा कडा दिसताच जाळी वर, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, होडीतलं पाणी उपसून कोरडं, सुटे डबे बांधलेले. झोत लागला की तोंड वाऱ्यावर ठेवून इंजिन हळू चालवा. कुशीवर घेऊन किनाऱ्याकडे पळू नका. पाणी उथळ असेल तर नांगर टाका, दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडा, आणि खोली मोजताना पुढे चढणारी भरतीही धरा. विजेच्या वेळी खाली बसा, धातूला हात नको. बहुतेक चढाया अर्ध्या-पाऊण तासात सरतात.

दाबमापकाचा उपयोग अजूनही आहे, आणि आता तो अनेक मोबाइलमध्ये असतो. पण उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा आपोआप चढतो-उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली, फरक साधारण तीन हेक्टोपास्कल. सकाळी दहा ते दुपारी चार तीनने उतरला म्हणून घाबरू नका. कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडून बघा. त्या वेळच्या नेहमीच्या दाबापेक्षा तीनने कमी असेल तर जवळपास काहीतरी शिजतंय, पाचने कमी असेल तर चक्रीवादळी प्रणाली जवळ आहे असं धरूनच चाला. मोबाइल दहाव्या मजल्यावर आणि होडीत वेगळा आकडा दाखवतो, दर ८-९ मीटरला एक हेक्टोपास्कल, म्हणून नोंद एकाच जागेवरची ठेवा.

आता सरकारी इशारा वाचण्याबद्दल, कारण इथेही गफलत होते. ‘ठाणे जिल्ह्यात ऑरेंज अलर्ट’ हा जमिनीवरच्या पावसाचा आणि वाऱ्याचा इशारा आहे. त्यावरून समुद्राची स्थिती कळत नाही. मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा निघतो, त्यात समुद्राचा पट्टा, तारखा आणि वारा दिलेला असतो, उदाहरणार्थ ताशी ४५-५५ किलोमीटर, झोत ६५. यातला ६५ हा आकडा तुमचा. म्हणजे ३५ नॉट. पट्टाही नीट वाचा. सोमालियाजवळच्या किंवा लक्षद्वीपच्या इशाऱ्याने आपल्याकडे घबराट होण्याचं कारण नाही, पण दोन दिवसांनी तिथलं स्वेल येईल का, हे विचारावं. ‘समुद्र खवळलेला’ म्हणजे अडीच ते चार मीटर, ‘अति खवळलेला’ म्हणजे चार ते सहा.

वादळाच्या इशाऱ्यासाठी बंदरावर लावतात त्या बावट्यांचे आकडे चढत्या जोराचे आहेत असा सर्रास समज आहे, तो अर्धाच बरोबर आहे. १ आणि २ नंबर म्हणजे वादळ दूर आहे, बंदर सोडणाऱ्या जहाजांना त्रास होऊ शकतो. ३ नंबर म्हणजे याच बंदरावर चढाईचे वारे येणार. ४ नंबर म्हणजे वादळाचा धोका बंदरालाच, पण अजून फार मोठा नाही. ५, ६, ७ यांत जोर एकच, फरक वादळ कोणत्या बाजूने जाणार याचा: पाचात बंदर वादळाच्या वाटेच्या डावीकडे, सहात उजवीकडे, सातात वादळ थेट अंगावरून. ८, ९, १० तसेच, जोर मोठा. ११ म्हणजे इशारा केंद्राशी संपर्कच तुटला.

ही डावी-उजवी बाजू महत्त्वाची का, ते आपल्या किनाऱ्याने पाहिलं आहे. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटेच्या उजव्या बाजूला वारा आणि वादळाची स्वतःची चाल यांची बेरीज होते. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढून ईशान्येला गेलं. उजवी बाजू श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाट्याला आली आणि तिथली वाडी आडवी झाली, ठाणे-मुंबई डाव्या बाजूला राहिली. मे २०२१ चं तौक्ते किनाऱ्याला समांतर उत्तरेला सरकलं, म्हणजे सबंध कोकणपट्टी उजवीकडे; केंद्र इथे किनाऱ्याला न शिवताही १७ मेला कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरच्या पुढचे झोत नोंदले गेले. ‘वादळ गुजरातला जाणार’ ही बातमी म्हणून आपल्यासाठी दिलासा नसते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान तर कमी दाबाच्या क्षेत्रापासून अलिबाग-मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत अवघ्या काही दिवसांत आलं. तुमच्यासारखी होडी तीन तासांत घरी येते, पण जी बोट दिवसभराच्या अंतरावर आहे तिने कमी दाबाच्या पहिल्या बातमीलाच, वादळ असं नाव लागण्याआधी, तोंड फिरवलं पाहिजे.

चक्रीवादळाचा जागतिक आकडा आणि आपल्या खात्याचा आकडा जुळत नाहीत म्हणूनही वाद होतात. आपलं खातं तीन मिनिटांची सरासरी घेतं, अमेरिकन केंद्र एका मिनिटाची. त्यामुळे त्यांचा आकडा बहुधा थोडा चढा असतो. आणि दहा दिवसांपुढचं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं गोल रंगीत वादळ एका मॉडेलच्या एका फेरीचं असतं. त्याऐवजी खात्याचं दर गुरुवारचं, पुढच्या दोन आठवड्यांत वादळ तयार होण्याच्या शक्यतेचं निवेदन पाहा.

सीवूड्स-नेरूळमधून जहाजांवर जाणाऱ्यांसाठी एवढंच: तुमच्याकडे ५१८ किलोहर्ट्झवरचं नावटेक्स (रेडिओवरून छापून येणारे इशारे) आणि उपग्रहावरून येणारी मेटएरिया ८ ची, म्हणजे आपल्या सागरी हवामान विभागाची, पत्रकं असतात. त्यांतल्या वेळा यूटीसी, वारा आणि लाट ‘कुठून’ येते ती दिशा, प्रवाह मात्र ‘कुठे’ जातो ती. वादळापासून दूर राहताना अंदाजातल्या ३४ नॉट वाऱ्याच्या वर्तुळाभोवती २४ तासांपुढच्या अंदाजासाठी १००, ४८ साठी २००, ७२ साठी ३०० सागरी मैल जास्तीचे धरा. जहाज थांबवून पाहिल्यावर वारा घड्याळाच्या दिशेने वळत असेल तर तुम्ही धोक्याच्या उजव्या अर्ध्यात आहात. वारा उजव्या पुढल्या बाजूवर घेऊन बाहेर पडा.

आणि दिवाळ्याच्या होडीसाठी निघण्यापूर्वीचा क्रम: आदल्या रात्री खात्याचा मच्छीमारांचा इशारा आणि इन्कॉइसचा लाटांचा अंदाज; इशारा असेल तर तिथेच थांबायचं, अ‍ॅप उघडायचंच नाही. इशारा नसेल तर बाहेरच्या पिनवर वारा, झोत, लाट, कालावधी. मग तिथी आणि परतीच्या वेळचा प्रवाह. मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी रेंज असेपर्यंत दर अर्ध्या तासाने रडार. दोन मॉडेलांत वाऱ्याचा फरक आठ-दहा नॉट दिसला तर जास्तीचा आकडा धरा. परतीची वेळ घरी सांगून निघा. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६ चालू ठेवा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक होडीत आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा, म्हणजे मोबाइल भिजला तरी तो दुसऱ्याच्या फोनवरून लावता येईल.